माझ्या बाजूचा ब्रेक

ताई,
नमस्कार करतोय, पण रागातच.

तुझ्या लाडक्या हिरोला मी गाडी शिकवतोय, हे तू गल्लीभर मिरवलंस. वर मलाच निरोप, "त्याच्यावर ओरडू नकोस." इथे ब्रेक दाबून दाबून माझा गुडघा सुजलाय. काळजी नको, शेकतोय.

परक्या शहरात नटांनी गाड्या ठोकायच्या आणि तुम्ही घरी बसून हसायचं, असला हा टीव्हीवरचा कार्यक्रम! अजून कुणी मेलं नाही, कारण माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. गेल्या भागात रस्ता ओलांडणाऱ्या त्या म्हातारीसमोर गाडी थांबली तेव्हा तू टाळ्या पिटल्यास ना? ब्रेक मी दाबला होता. तो शहाणा कॅमेऱ्यात बघून हसत होता.

आज दिग्दर्शक म्हणाला, "शेवटच्या भागात तुमचा ब्रेक काढून टाकू, थरार येईल." रस्ता शाळेसमोरचा! आणि तुझा हिरो म्हणतो, "मास्तर, घाबरलात?" मी त्याला काय ऐकवलं, ते आईला वाचून दाखवता येणार नाही.

आई गोळ्या वेळेवर घेते ना? तिला म्हणावं, मी घरी येतोय.

शेवटच्या भागासाठी टीव्हीसमोर बसू नकोस. मी विमानतळावर आहे आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात आहेत.

अजून धुसफुसणारा,
तुझा धाकटा