इन्व्हर्टरवर चालणारी किटली

प्रिय भिंगरी,

तुझा निरोप मिळाला. नव्या घराचा ओटा हातभर, त्यावर किटली ठेवू, कॉफीचं यंत्र ठेवू की इंडक्शनवरच भागवू, यातलं वीज कमी कोण खातं, आणि तुम्हाला पाठवली होती तसलीच छोटी किटली घेतली तर कसं, हे सगळं बाबांना विचारून कळव, असं तू लिहिलंस. बाबांना विचारण्यात आता अर्थ नाही हे तुला माहीत आहे, तरी सवयीने लिहून गेलीस. मीही सवयीने त्यांच्या खोलीत जाऊन विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. तेव्हा उत्तर मीच देते. वायरमनच्या वर्गाचे मास्तर चाळीस वर्षं घरात असले की बायकोला थोडंफार येतंच. फोन न करता कागदावर लिहितेय, कारण किटलीचं झालं की मला मावशींबद्दल लिहायचंय. तू नर्सिंग ब्युरोत तक्रार करून ज्यांना काढायला लावलंस, त्या बाबांना सांभाळणाऱ्या आपल्या मावशी. फोनवर मी त्यांचं नाव काढलं की तू म्हणतेस, असू दे गं आई, झालं ते झालं. आणि मी लगेच असू देते.

तर आधी किटली. कॉफीचं यंत्र घेऊ नकोस. हातभर ओट्यावर ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड, आणि काही यंत्रं चालू राहिली की आपली आपण गरम राहायला वीज पीत बसतात. इंडक्शन चांगलंच, पण एका कपासाठी आधी पातेलं तापवा, मग पाणी तापवा, त्यापेक्षा किटली बरी. मात्र खोक्यावरचे वॅट बघून भुलू नकोस. बाबा वर्गात सांगायचे, वॅट कमी म्हणजे वीज कमी असं नसतं, पाणी तेवढंच असेल तर उष्णता तेवढीच लागणार. हळू चालणारा माणूस काही कमी चालत नाही, तो उशिरा पोचतो इतकंच. तेव्हा बघायचं ते हे, की आत कमीत कमी किती पाणी चालतं. पुष्कळ किटल्यांना अर्धा लिटर तरी लागतंच, आणि तू एकटी, तुला लागणार एक कप. उरलेलं पाणी रोज गार होणार आणि रोज पुन्हा तापणार, मग कसली बचत. भिंत दुहेरी असली तर उत्तम. झाकण घट्ट हवं. आत पांढरा थर धरला की लिंबू पिळून पाणी उकळायचं. दूध कधीही तिच्यात घालायचं नाही, हे तुला सांगायला हवंच, कारण तू घालशील.

तुला आठवतं का, तू सहा-सात वर्षांची असताना बाबा तुला स्टुलावर उभं करून मीटरमधली चकती मोजायला लावायचे. मी आत विजेच्या शेगडीवर पाणी उकळायला ठेवायचे, एकदा झाकण लावून, एकदा न लावता, आणि तू बाहेरून ओरडून फेरे सांगायचीस. झाकण नसताना फेरे जास्त झाले तेव्हा तू मला चोर पकडल्यासारखं बघितलं होतंस. पुढे महिनाभर घरात कुणी उघडं पातेलं ठेवायची सोय नव्हती. शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन तू तिलाही सुनावून आलीस. बाबांना कोण कौतुक. मला त्या वेळी तुम्हा दोघांचा राग यायचा, कारण चहा मला प्यायचा असायचा आणि तुमचा प्रयोग संपेपर्यंत तो गार व्हायचा.

मग बाबांचं फुफ्फुस गेलं आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. घरात ऑक्सिजन म्हणजे उघडी ज्योत नको, म्हणून गॅसची शेगडी गेली. तिच्या जागी इंडक्शन आलं तेव्हा बाबा पलंगावर बसून एकेका भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघत होते. चिकटलं तर पास, नाही तर नापास. माझं चहाचं पातेलं नापास झालं. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. तेव्हा तू ती छोटी किटली पाठवलीस, सहाशे वॅटची, आणि चिठ्ठीत लिहिलंस, की ही इन्व्हर्टरवरही चालते, आई, वीज गेली तरी तुझा चहा अडणार नाही. बाबांनी ती हातात घेतली, उलटी करून खालचं वाचलं आणि म्हणाले, पोरीने अभ्यास केलाय. पण दुसऱ्याच दिवशी इन्व्हर्टरच्या कोनाड्यात त्यांनी कागद चिकटवला. वीज नसताना यावर फक्त मशीन आणि एक दिवा. बाकी काही नाही. त्याखाली दोन रेघा मारल्या. मी म्हटलं, एवढं काय, मी काय तुमच्या वर्गातली आहे का.

वीज आमच्याकडे रोज जाते, कधी तास, कधी दोन तास. ती गेली की मशीन इन्व्हर्टरवर जायचं, आणि त्या क्षणभरात मशीनची शिट्टी वाजायची. बाबा दचकून जागे व्हायचे, मग त्यांना धाप लागायची, मग मलाही. शेवटी मी त्या शिट्टीचा सेल काढून ठेवला. मावशी म्हणाल्या होत्या, बाई, नका काढू. मी म्हटलं, तुम्ही असता ना इथे.

तो दिवस तुला तारखेने माहीत आहे. दुपारी वीज गेली. बाबांना झोप लागलेली. औषधाच्या दुकानातून फोन आला होता की गोळ्या आल्यात, आणि मी मावशींना म्हटलं, तुम्ही जाऊन घेऊन या, मी आहे. त्या म्हणाल्या, वीज आल्यावर जाते. मी म्हटलं, जा हो, दुकान काही चंद्रावर नाही. तू ब्युरोला लिहिलंस की त्या रुग्णाला सोडून बाहेर गेल्या होत्या. त्या गेल्या नव्हत्या. मी त्यांना घालवलं होतं.

त्या गेल्यावर घरात इतकं शांत झालं की मला चहा प्यावासा वाटला. बाबांसाठी नाही, माझ्यासाठी. कितीतरी महिन्यांत मी बसून चहा प्यायले नव्हते, ओट्याशी उभ्याने गिळत होते. मी किटलीत कपभर पाणी घातलं, इन्व्हर्टरच्या तारेवरच्या प्लगला लावली. तो कागद मला दिसत होता. मला वाटलं, दोन-तीन मिनिटांचं तर काम, आणि पोरीने लिहिलंय ना चालते म्हणून. किटली सुरू झाली आणि थोड्या वेळाने खट करून तिचा दिवा गेला. मला वाटलं, पाणी उकळलं, आपोआप बंद झाली. तेवढं तर तिचं कौतुक होतं. हात लावला तर पाणी कोमट. म्हटलं, कमी विजेची किटली, कमीच तापवणार. दुधाची तहान ताकावर. त्या कोमट पाण्यात चहाची पुडी बुडवली आणि कप घेऊन गच्चीत गेले. समोरच्या घरातली बाई गाद्या उन्हात टाकत होती, ते बघत बसले. तो चहा वाईट होता आणि मला बरं वाटत होतं, हे दोन्ही मला अजून स्पष्ट आठवतं.

मशीन आणि किटली मिळून इन्व्हर्टरला झेपलं नव्हतं. तो बंद पडला होता, आणि मशीन त्याच्याबरोबर. बंद पडताना तो टिकटिकला असेल, पण वीज नसली की तो तसाही टिकटिकतच असायचा. मावशी परत आल्या तेव्हा त्यांना आधी ती शांतता खटकली. त्यांची हाक ऐकून मी आत धावले. बाबांचे ओठ निळे होते. मावशींनी कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर उघडला, नळी बदलली, त्यांना उठवून बसवलं, मग कोनाड्यात जाऊन किटलीचा प्लग काढला आणि इन्व्हर्टरचं लाल बटण दाबून तो पुन्हा सुरू केला. मी दारात कप धरून उभी होते. तो कप मावशींनीच माझ्या हातातून काढून घेतला. डॉक्टर यायच्या आत त्यांनी किटली पुसून खोक्यात घातली आणि कपाटात मागे ढकलली. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ ऑक्सिजन नव्हता. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, माहीत नाही. खरं तर दहा-बारा मिनिटं गेली असतील. माणूस वाचला, पण वाचा गेली, ओळख गेली, आणि आता येईल असं कुणीच म्हणत नाही. मीही म्हणत नाही.

तू धावत आलीस, आठ दिवस राहिलीस. इन्व्हर्टर आयत्या वेळी का बंद पडला आणि मावशी कुठे होत्या, हे दोनच प्रश्न तू विचारलेस, आणि पहिल्याला कुणाकडे उत्तर नव्हतं म्हणून दुसऱ्याला धरलंस. टेबलाशी बसून तू तक्रार लिहिलीस तेव्हा मी शेजारीच होते. तू तारीख विचारलीस, ती मी सांगितली. किटली दिसत नाही म्हणालीस, तर मी सांगितलं, बाबांना आता चहा चालत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि चोर मीच होते. मनाची समजूत काढली, की पोरीला कळलं तर ती आयुष्यभर स्वतःच्या चिठ्ठीला दोष देत बसेल, म्हणून गप्प राहायचं. ते खोटं आहे गं. तुझी चिठ्ठी खरीच होती, किटली एकटी असती तर चालली असती. मी तुला नाही, मला वाचवत होते. तुझी नजर मला परवडली नसती.

तू या वेळी विचारलंस, तसलीच किटली घेऊ का, आणि माझ्याच्याने राहवेना. गेल्या आठवड्यात शेजारणीला बाबांजवळ बसवून मी मावशींकडे गेले. त्या आता कपड्यांच्या कारखान्यात शिवणीचे उरलेले धागे कातरायचं काम करतात. दुसरे ब्युरो आधीच्या ठिकाणी चौकशी करतात, त्यामुळे आजारी माणसाजवळ त्यांना कुणी ठेवत नाही. सुईसारख्या बारीक कामाने डोळ्यांतून पाणी येतं, म्हणाल्या. मी सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, बटण मी दाबलं, किटली मी काढून ठेवली, मग मला कळणार नाही का, बाई. मी विचारलं, मग माझ्या मुलीला का नाही सांगितलंत. त्यावर म्हणाल्या, ती विचारत कुठे होती, ती सांगत होती. आणि तुम्ही शेजारीच उभ्या होतात, मला वाटलं तुम्ही बोलाल. मग त्यांनी विचारलं, साहेबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवता ना, पाठीला जखम होऊ देऊ नका. मी परत या म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाल्या. तुमच्या घरी आता नको, इतकंच.

तिथून मी ब्युरोत गेले. तिथल्या बाईंनी माझं ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पंखा लावला. मग म्हणाल्या, आजी, तुमचं मन मोठं आहे, म्हातारी माणसं असं स्वतःवर घेतात. त्यांना वाटलं, मला कामवालीची दया आली आणि मी खोटं बोलतेय. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला इतक्या लांब गेले आणि कुणाला पटलं नाही. तक्रार मुलीच्या नावाने आहे, ती मागे घ्यायची तर मुलीनेच लिहून द्यायला हवं, आणि मग बघू, असं त्या म्हणाल्या. त्या 'बघू'त फारसा दम नव्हता.

म्हणून हे पत्र. त्याने बाबा बोलायला लागणार नाहीत. मावशींना काम मिळेलच असंही नाही, आणि मिळालं तरी त्या मला माफ करतील असं मला दिसत नाही. तुझी माफी नको असं लिहिणार होते, पण हवी आहे, फार हवी आहे, फक्त ती मागायला मी लिहीत नाहीये. तू ब्युरोला लिही, की तक्रार मागे घेते. आईचं वय झालंय, ती थकली होती, असलं काही घालू नकोस, नाही तर पुन्हा त्यांना मीच बिचारी वाटेन. सरळ लिही, की मावशींना आईने बाहेर पाठवलं होतं, मशीन आईच्या हातून बंद पडलं, आणि मावशी परत येईपर्यंत ती गच्चीत चहा पीत होती. ते टपालात पडल्यावर मग माझ्याशी बोलायचं की नाही ते ठरव.

तुझीच,
आई