पेटीतले चौतीस अर्ज

१७ ऑगस्ट २००७

खोटं बोललो. आबांना सांगितलं, चौतीसही अर्ज पौडला देऊन आलो. पौडला गेलो होतो हे खरं. तहसीलच्या दारापर्यंत गेलो, स्टँडसमोर मिसळ खाल्ली, पुढची एस.टी. धरून जांब्याला परत! अर्ज पिशवीतच.

आबा खूश. "तू हायेस म्हनून माझं गुडघं टिकल्यात, कैलास." हे आमचे हैबतराव! पाच वेळा पंचायतीत निवडून गेले, आता सहाव्यांदा उभे, आणि अजून दारोदार पायी. मतदारयादी तोंडपाठ. पंचवीस वर्षं मी पिशवी घेऊन त्यांच्या मागे.

अर्ज माझ्याच भाडेकरूंचे. बारा खोल्या, सगळी कंपनीत कामाला आलेली परगावची माणसं. यादीत नावं घालायची म्हणून आबांनी रविवारी एकेकाला झोपेतून उठवून सह्या घेतल्या. "हितलं पानी पितो ना? मग मत बी हितंच." त्यांच्या गल्लीत दिवा आबांनीच लावून घेतला, ती माणसं आबांनाच मत देणार.

१८ ऑगस्ट

का केलं ते निदान इथं तरी लिहावं. परवा विठ्ठलराव भाऊकीतल्या चौघांना घेऊन आले. "आज यादीत घालशील, उद्या त्येंचाच सरपंच हुईल. मग गावकीत बसू नगंस आमच्या." माझ्या पोरीचं लग्न भाऊकीनंच जमवलंय. भ्यालो. बास, एवढंच कारण.

अर्ज बियाण्याच्या पत्र्याच्या पेटीत टाकले. जमीन विकल्यापासून ती रिकामीच असते.

१४ ऑक्टोबर

आबा पडले. एकोणीस मतांनी.

१५ ऑक्टोबर

सकाळी गेलो. आबांच्या मंडळी, अनसूयाकाकू, चुलीपुढं. आबा यादीच घेऊन बसलेले. "तुज्या खोल्यांतलं एक बी नाव न्हाई रं हिच्यात."

मी म्हणालो — ऑफिसात गहाळ झाले असतील.

माझ्याकडे बघत राहिले. मग, "आसंल. सरकारी हापिस, हुतं आसं." आणि पुढं, "मीच जायला पायजे हुतं. गुडघ्याचं लाड केलं."

तोंडात आलं होतं. गिळलं.

२ डिसेंबर

वाटलं होतं, आता यादीचं वेड सुटेल. कुठलं! गावातले कुशाबा वारले, तर मला घेऊन त्यांच्या घरी. पद्धत नेहमीचीच — टोपी काढून मांडीवर, बिनसाखरेचा चहा, मग घरच्या बाईला विचारायचं. "रंभाबाई, रेघ मारू का?" तिनं मान हलवली तेव्हाच लाल पेन काढलं. फूटपट्टी धरून यादीतल्या नावावर मारली. वाकडी रेघ म्हणजे माणसाचा अपमान, असं त्यांचं म्हणणं. ही रेघ काही सरकारला लागत नाही, त्याचा अर्ज निराळा. पण आबांची रेघ आधी.

वाटेत म्हणाले, "मेल्याचं ठिवू नये, जित्याचं ऱ्हाऊ नये. तेवडंच काम आपलं."

पद नाही, गुलाल नाही, आणि म्हणे काम! चप्पल तुटली असं सांगून मागे राहिलो.

८ जून २००८

पोरीचं लग्न पार पडलं. विठ्ठलराव अक्षता टाकायला पुढे. आबा मागच्या रांगेत, पत्रिकेवर त्यांचं नाव घालायलाही मी कचरलो होतो. तरी आले. जेवले. "चांगलं झालं, कैलास." मला लाज वाटते, लाज.

१७ नोव्हेंबर

आबा हल्ली मला हाक मारत नाहीत. पौडच्या एस.टी.त एकटेच चढताना दिसले, काखेत पिशवी. मी येतो म्हणालो. "नगं. दवाखान्यात चाललोय." गुडघा धरून पायरी चढले. मी खालीच.

२८ डिसेंबर

पुन्हा ठरवलं होतं, सांगायचंच. आबांना धाप लागते आता, उशाला तीन उशा. काकू बाहेर गेल्या. मी म्हणालो, "आबा, ते अर्ज..."

"कसलं?" डोळे मिटलेलेच. "गेल्या वर्साची गोस्ट काय काडतोस? खिडकी लाव, वारं लागतंय."

खिडकी लावली. आणि घरी आलो! एवढी संधी माणसाला किती वेळा मिळते?

९ जानेवारी २००९

आबा गेले. सकाळी सहाला.

१८ जानेवारी

दहावा. कावळा शिवेना. लोक एकेक करून इच्छा बोलत होते — काकूंना सांभाळू, घरादाराचं बघू. मी पुढे होऊन मनातल्या मनात बोललो, यादीचं काम मी करीन. तेवढ्यात शिवला का? नाही. काकूंच्या भावानं दर्भाचा कावळा करून उरकलं. खोटं कशाला लिहू.

घरी येऊन पेटी उघडली. चौतीस अर्ज. शाई अजून ताजी दिसते.

१ मार्च

लोकसभेची नवी यादी आली. आणली. आबांचं नाव आहे तिच्यात — खोडायचं काम ज्यांचं, त्यांचंच राहिलं.

काकूंकडे गेलो. टोपी काढली. बिनसाखरेचा चहा घेतला. "काकू, रेघ मारू का?"

"मार की. त्येंनी कुनाचं ठिवलं न्हाई." आत गेल्या आणि आबांचं लाल पेन, फूटपट्टी आणून पुढ्यात ठेवली. तिथं हात धजला नाही. घरी घेऊन आलो.

२ मार्च

रेघ मारायला यादी उघडली. आबांच्या नावाच्या पुढच्याच पानावर माझा घरनंबर. खाली भाडेकरूंची नावं. मोजली — एकतीस.

त्यांच्यातल्या निषादच्या खोलीवर धावलो. "हो काका, दिवाळीनंतर आबांनी परत फॉर्म भरून घेतले ना! तीन जण खोली सोडून गेले, बाकी सगळे आलो लिस्टमध्ये. स्वतः पौडला जाऊन देऊन आले. तुम्हाला सांगू नका म्हणाले."

का, म्हणून विचारलं.

"म्हणाले, त्या अर्जांचं त्याला आधीच लई लागलंय. यादी तोच वाचतो शेवटपातूर — दिसंल त्याला."