होडीचं मागचं टोक

१७ जानेवारी १९६६, सोमवार
जेवताना शंकरने पुन्हा इंजिनाचं काढलं. "वहिनी, वरीस सरल्यावर होडी पाण्यात घालायची तर इंजिन लावूनच. नुसत्या वल्ह्यावर मी जाणार न्हाई." धाकटा दीर, पण बोलणं थेट त्याच्या भावासारखं. त्याची बायको सुमन भाकरी थापत राहिली. तिला चौथा महिना.
मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
वळवाचं वारं सुटलं तेव्हा हे धरणाच्या पाण्यात मधोमध होते. काठावरून दिसत होते म्हणे. वल्हं मारताना दिसत होते. मग दिसेनासे झाले. होडी दुसऱ्या दिवशी सापडली, हे तिसऱ्या.
माणूस बुडाला की त्याची होडी आम्हा भोयांत वर्षभर पाण्यात घालत नाहीत. अंगणाखाली पालथी पडली आहे. कोंबड्या तिच्या सावलीत बसतात.

३० जानेवारी, रविवार
शं. रोज वस्तीवरच्या दुसऱ्याच्या होडीवर मजुरीने जातो. तिलाही वल्हीच. वारं सुटलं की सुमन दारात येऊन उभी राहते. पूर्वी मी राहायची. आता मी आत भांडी घासते आणि कान बाहेर.
आज ठरवलं. इंजिन घ्यायचं. धरणात गेलेल्या जमिनीच्या भरपाईतलं थोडं आहे. पण कोणतं घ्यायचं हे मी बघणार. होडी यांनी माझ्या नावावर ठेवली होती, शं.ला ते मान्य आहे.
तो म्हणाला, "तुमी बघा की. तुमी वाचता."
वाण्याच्या पुडीचे कागद वाचून वाचायला शिकले, त्याचं हे.

२१ फेब्रुवारी, सोमवार. सांगली
शं.ला घेऊन दादाकडे मुक्काम. दादा अजून कृष्णेच्या घाटावर होडी चालवतो. त्यानेच कळवलं होतं, पलीकडच्या एका मळेवाल्यांकडे जुनं इंजिन विकाऊ आहे. ऊस नदीच्या दोन्ही काठांना, पुराच्या दिवसांत पलीकडे जायला लागतं म्हणून घेतलेलं.
मळेवाल्यांनी ते पाण्याच्या पिंपात उभं करून चालू करून दाखवलं. दोरी ओढली, धूर, मग असा आवाज की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघू लागली. पिंपातलं पाणी आमच्या अंगावर.
"धा घोड्यांचं हाय," मळेवाले म्हणाले. "तुमच्या धरनाच्या ह्या काठावरनं त्या काठावर बिडी विझायच्या आत."
"मी बिडी वडत न्हाई," शं. म्हणाला. पण डोळे त्या इंजिनावर. लहान होता तेव्हा जत्रेत असा बघायचा.
खालचा पाय, ज्याच्या टोकाला पंखा असतो, तो चांगला लांब. हातभर आणि वर चार बोटं. शं. खूश. म्हणाला, धरणाचं पाणी लय खोल, लांब पायाचंच पायजे. दादानेही मान डोलावली. मलाही पटलं. आमचा जन्म बांबूच्या हिशेबात गेलेला. पाणी खोल तितका बांबू लांब.
एकच अडचण. आमची होडी दोन्हीकडे निमुळती. हे इंजिन लावायचं तर मागचं टोक कापून तिथे सपाट जाड फळी बसवावी लागेल.
मी म्हटलं, विचार करून कळवते.

२३ फेब्रुवारी, बुधवार
एस.टी.ने परत. कऱ्हाडला चहा घेताना शं. म्हणाला, "वहिनी, टोकच तर कापायचं हाय."
ते टोक यांनी वाकवलं होतं. फळी रात्रभर ओली ठेवून, खालून भट्टीचा शेक देऊन, दोऱ्या आवळून. दोनदा चिरली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा मला हाका मारून बोलावलं होतं बघायला. हात पिठाचे, तशीच गेले.
हे शं.ला सांगितलं नाही. त्याला माहीत आहे. दोऱ्या त्यानेच धरल्या होत्या.

१३ मार्च, रविवार. रहिमतपूर
नणंदेच्या शेजारी एक सुभेदार राहतात. पेन्शनीत आले आहेत. लष्करात नद्या उतरायच्या होड्यांवर होते, इंजिनं त्यांच्याच हाताखाली. त्यांना विचारायला गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली घडी घातलेला गणवेश. त्यांच्या बायकोने चहा दिला. नणंद घरातून निघताना म्हणाली होती, तिथं काही घेऊ नका. मी दोन कप घेतले.
सुभेदारांनी आधी होडीबद्दल विचारलं, इंजिनाबद्दल नाही. लांबी, रुंदी, काठ किती उंच, किती माणसं बसतात. मग म्हणाले, "मागची उंची? काठापासनं बुडापत्तूर?"
शं. म्हणाला, "पावणेदोन वीत. पर पाणी लय खोल हाय, सुभेदारसाहेब, म्हणून लांब पायाचं बघितलंय."
सुभेदार हसले. हसू वाईट नव्हतं. "गड्या, बांबू तळाला टेकवायचा असतो. पंख्याला तळाशी काय काम? तो होडीच्या बुडाखाली वीतभर फिरला की झालं. पाणी खोल असू दे न्हाईतर गुडघाभर, पाय मोजायचा तो होडीच्या उंचीवर."
शं.ने गुडघ्यावर वीत टेकवून बघितली. मीही. सांगलीत तिघं पिढीजात भोई उभे होतो आणि तिघांनीही तेच मानलं होतं.
"आणि धा घोडे तुमच्या होडीला कशाला? शेपूट पाण्यात बसंल, तोंड वर. मागनं एक लाट आली की भरली." 
निघताना मी मागे राहून विचारलं. टोक न कापता, कडेला लाकूड बांधून लहान इंजिन नाही का टांगता येणार? मी वाचलं होतं असं लावतात.
"लावत्यात. निवांत पाण्यात."

१४ मार्च, सोमवार
लहान इंजिन, हे सुभेदारांचं म्हणणं. मला बरं वाटलं. लहान म्हणजे कडेला टांगायचं, कापायला नको. काल रात्रीपासून हेच मनात घोळवते आहे. "निवांत पाण्यात" हे शब्द मी बाजूला ठेवले होते. आज लिहिताना परत आले.
मी शं.साठी निवडते आहे की त्या टोकासाठी?

२ एप्रिल, शनिवार. कोयनानगर
वसाहतीतल्या एका साहेबांची बदली झाली आहे. त्यांचं पाच घोड्यांचं इंजिन. आखूड पायाचं. शं.ने सुतळीने मोजलं, आमच्या उंचीला बरोबर. पेट्रोलवर सुरू होतं, तापलं की रॉकेलवर चालतं. रॉकेल वस्तीवर मिळतं, पेट्रोलला घाट उतरून जावं लागेल.
बरोबरची पुस्तिका इंग्रजीत. चित्रं मात्र मराठीच म्हणायची. पंख्याजवळ एक मऊ खिळा असतो, पंखा कशाला अडकला की तो मोडतो आणि आतलं वाचतं. साहेबांनी दोन जादा दिले. शं. म्हणाला, "लोखंडी खिळा घातला तर मोडणारच न्हाई की." साहेबांनी कपाळाला हात लावला. लोखंडी घालणार नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.
साहेबांना कडेला टांगण्याचं विचारलं. ते म्हणाले, वाऱ्यात होडी गोल फिरेल. मागेच हवं.
दोन माणसांनी सांगितलं. आता तिसऱ्याला विचारणार नाही. इंजिन घेतलं.

९ एप्रिल, शनिवार
पाणी उतरत चाललं आहे. बुडालेल्या झाडांचे शेंडे पाण्याखाली कुठे असतील ते शं.ला सांगितलं, पंख्याला जपायला. कोळशाने अंगणात आमचं बुडालेलं गाव काढलं. देवळाची वडाची जोडी. पाटलाची आमराई. आमच्या परड्यातला फणस, त्याच्या पलीकडे सुमनच्या लग्नात मांडव होता ते चिंचेचं झाड. सुमन म्हणाली, "आक्का, इथली विहीर राहिली." विहिरीला शेंडा नाही गं, म्हटलं. तरी तिने काढली.
वडाच्या जोडीवर होडी अडकलेली सापडली होती. तिथे शं.ने मोठी फुली मारली.

२४ एप्रिल, रविवार
लक्ष्मण सुतार आला. होडी उताणी केली. वर्षभर उन्हात पडून फळ्यांच्या सांधी उघडल्या आहेत, त्या डांबराने भरायच्या. टोकावर त्याने खडूची रेघ मारली आणि करवत बाजूला ठेवली.
"धनिणीनं पाणी घालावं लागतंय. त्याबिगार मी लावत न्हाई."
तांब्या घेऊन गेले. रेघेवर पाणी घातलं. खडू पुसला गेला. सुतार म्हणाला, "बगा, आता परत मारावी लागंल," आणि सगळे हसले. मीसुद्धा.
कापायला अर्धा तास लागला. आतलं लाकूड अजून पिवळं होतं. सुतार तुकडा मला द्यायला लागला. मी चुलीत घाल म्हटलं. मग नको म्हटलं. सुमनने उचलून आत नेला, कुठे ठेवला विचारलं नाही.

९ मे, सोमवार
वर्षश्राद्ध झालं. कावळा लवकर शिवला. लोक म्हणाले, काही राहिलं नाही त्यांचं. मला तसं वाटत नाही, पण वाद घातला नाही.
दुपारी होडी पाण्यात घातली. फळ्या फुगायला दोन दिवस बांधून ठेवायची. पहिल्या दिवशी गळाली, शं. डब्याने पाणी काढत बसला.

१२ मे, गुरुवार
इंजिन लावलं. सोळाव्या ओढीला सुरू झालं. शं. काठाकाठाने गेला, आला. मागं बसलेला माणूस किती लहान दिसतो. सुमन म्हणाली, "आवाजानं मासं पळतील." शं. म्हणाला, "जाळं टाकताना बंद करतो की." सांगलीचं दहा घोड्यांचं अजून त्याच्या मनात आहे. म्हणाला, "ते असतं तर." मी म्हटलं, असतं तर असतं.

१८ मे, बुधवार
शं. पहिल्यांदा लांब गेला. सकाळी सातला. मी वही घेऊन काठावरच्या दगडावर बसले आहे. इथून इंजिन ऐकू येतं. वल्ह्याचा आवाज कधी आला नव्हता, त्यामुळे हे कुठे आहेत ते कधी कळायचं नाही.
दहाच्या सुमारास आवाज टेकाडामागे गेला. बारीक, पण होता.
सुमन आता भाकरी घेऊन आली. आठवा महिना, उतार उतरताना पोट धरून. बसली. पश्चिमेला ढग आहे, एकच, मळकट. पाण्यावर सुरकुत्या.
"थांबलं की हो, आक्का."
थांबलं होतं. मी लिहिताना माझं लक्ष गेलं नव्हतं.
"जाळं टाकत असंल," मी म्हटलं.
"व्हय. बंद करतोच तवा."
भाकरीचं फडकं सोडलेलं नाही. जाळं टाकायला किती वेळ लागतो हे आम्हा दोघींना माहीत आहे. तेवढा झालेला नाही अजून. वारं सुटलं, वही ठेवते.