आठ तारांचा सुधारित क्रम

प्रिय मेहुणेबुवांस,

दाजींचे अनेक नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? (मागे मी सांगितलेला व्यायाम तुम्ही उलट्या बाजूने करत असणार, अशी माझी खात्री आहे.) घरातल्या सगळ्यांची मी चौकशी केल्याचे सांगा. त्यात तुमची ताईही आली, कारण ती गेले नऊ दिवस तुमच्याकडेच आहे. हाताने लिहिलेले पत्र पाहून नवल वाटेल, पण काही तांत्रिक कारणांमुळे आमच्या घरातून सध्या टपालच लवकर पोचते.

ताईने तुम्हाला एकच बाजू सांगितली असेल, म्हणून दुसरी क्रमवार मांडतो. परगावच्या मुलांना संगणकावरून गणित शिकवण्याचे काम तिला महिनाभराच्या बोलीवर मिळाले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्याकडचे बिनतारी इंटरनेट दोन भिंती ओलांडून तिच्या टेबलापर्यंत यायचे ते धापा टाकत. भागाकार मध्यावर आला की ही पडद्यावर उघड्या तोंडाने गोठायची. संस्थेने बजावले, तीन तक्रारी झाल्या की काम संपले. तेव्हा घरभर तारा टाकायच्या असे मी ठरवले. दारापर्यंत तार घेऊन आलेला कंपनीचा माणूस म्हणाला, "काका, आतलंही टाकून देतो की. तासाभराचं काम आहे." ज्याने आमच्या चौकटीला तिरपे भोक पाडले (साडेचार अंशांनी, मी कोनमापक लावून पाहिला) त्याच्या हाती मी घर द्यायचे? त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले.

मग मी अभ्यास केला. तुम्ही बावीस वर्षे केबलच्या खात्यात आहात, पण नोकरी वेगळी आणि अभ्यास वेगळा, हे तुम्हीही मान्य कराल. दिवाणखान्यातल्या इंटरनेटच्या डबीपासून चार तारा काढल्या : माझ्या टेबलाला दोन मीटर, लेकीच्या खोलीला अकरा, हिच्या टेबलाला एकोणीस, आणि पुढचा विचार करून स्वयंपाकघराला चौदा. दर वीतभर अंतरावर खिळा. त्यासाठी कपाट चार वेळा हलवले. "आपल्याला घर राहायला हवंय की प्रदर्शनाला?" असे ही विचारत होती. चांगल्या कामाला घरचा माणूस हेच म्हणतो, म्हणून मी मनावर घेतले नाही.

आता मुद्द्याचे. त्या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात, रंगांच्या चार जोड्या. टोकाला प्लग बसवताना त्या कोणत्या क्रमाने लावायच्या याचे चित्र प्लगच्या पाकिटावर असते. मेहुणेबुवा, तुम्ही ते चित्र कधी डोळे उघडून पाहिले आहे का? केशरी जोडी शेजारी शेजारी, तपकिरी जोडी शेजारी शेजारी, आणि हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी घुसवलेली! बाकावर नवराबायको बसलेले असताना दुसरे जोडपे मध्येच येऊन टेकावे, तसे. ही ढिलाई जगभर चालू आहे आणि कोणी ब्र काढत नाही. मी काढला. आठही टोकांना मी सुधारित क्रम लावला : केशरी, हिरवी, निळी, तपकिरी, प्रत्येक जण आपापल्या जोडीदाराशेजारी. लेक म्हणाली, "बाबा, पाकिटावर चित्र दिलंय ना!" मी म्हटले, "चित्र काढणाऱ्याला विचारणारा कोणी भेटला नव्हता." ती म्हणाली, "आता भेटला, बिचाऱ्याला." (ही जीभ तुमच्या घराण्याची.)

तपासणीचे दिवे लावून पाहिले. आठच्या आठ लागले. माझ्या टेबलाची दोन मीटरची तार झकास चालली. मात्र हिची शिकवणी पहिल्याच दिवशी दोनदा तुटली आणि दोन तक्रारी गेल्या. माझे चालते आणि हिचे चालत नाही, तेव्हा दोष हिच्या संगणकात, हे शेंबडे पोरही सांगेल. मी ते सांगितले. तिने संगणक पिशवीत घातला आणि म्हणाली, "मग हा सदोष संगणक मी भावाकडे नेते. तिकडे तो गुण्यागोविंदाने चालतो." तुमच्या जेवणाच्या टेबलावरून तो नऊ दिवस बिनबोभाट चालला आहे, असे लेकीकडून कळते. यातून काही सिद्ध होत नाही. हवामानाचाही भाग असतो.

इकडे सर्व क्षेम. मी आणि लेक मिळून स्वयंपाक करतो. अर्थात तो शब्द मोठा आहे.

तुमचे,
दाजी

ता. क. रविवारी तुम्ही सहज इकडून चाललेले असाल तर वर या. सहज जाणारा माणूस केबल तपासायचे खात्याचे मोठे यंत्र सोबत बाळगू शकतो, त्यात वावगे काही नाही.

ता. क. २. ताईला घेऊनच या. महिना संपायला आठ दिवस उरले आहेत आणि तिला आता एकही तक्रार परवडणार नाही, पण ते टेबल तिचे आहे आणि ते रिकामे बरे दिसत नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी, केवळ त्या प्लगच्या पाकिटवाल्यांची चूक पुराव्यानिशी दाखवावी म्हणून, एकोणीस मीटरच्या तारेची दोन्ही टोके कापून त्यांच्या क्रमाने बसवली. लेकीच्या संगणकावर दोन तास झाले, एकदाही तुटलेले नाही. (लेक म्हणते, चुकीचा क्रम दोन मीटरवर खपून जातो, एकोणीसवर नाही.) तरीही रविवारी या. आल्यावर टेबलाखाली वाका (कंबर सांभाळून), थोडी खुडबुड करा आणि क्रम तुम्ही बदललात असे ताईला सांगा. मी एकदा जोरात विरोध करीन. मग मेहुण्याचा मान म्हणून मागे हटेन.