उजवी बाजू वर

६ एप्रिल
...त्या सकाळी मी तांदूळ धुतले, मुळ्याच्या लोणच्यावरचा दाबाचा दगड उचलून पुसून परत ठेवला, दारातला बर्फ फावड्याने ओढला आणि ह्यांना उठवायला गेले. अंग गार पडलं होतं. एवढं लिहायला तीन वर्षं लागली.

आज परिचारिकांच्या शाळेत दाखल झाले. वय त्रेपन्न. वसतिगृहाची खोली चार चटया मावतील एवढी, खिडकीतून इस्पितळाचं धुराडं आणि मागे समुद्र. गावात फिरत्या वाचनालयाची गाडी यायची, तिच्यातून मिळेल ते वाचत आले. पाठ्यपुस्तकाची दोन प्रकरणं आजच संपवली. शेजारच्या खोलीतली नागिसा, वय एकोणीस, दारातून डोकावून म्हणाली, काकू, जेवणात आज काय केलंय? मी गणवेश दाखवला. ती एवढी ओशाळली की मलाच हसू आलं. फार दिवसांनी हसले.

२५ एप्रिल
आज रबरी बाहुल्यावर कपडे बदलण्याचा सराव. रोग्याला युकाता, म्हणजे पुढून उघडा सुती झगा, घालायचा, पुढच्या दोन बाजू एकीवर एक घ्यायच्या, कमरेशी बांधायचं. जिवंत माणसाची डावी बाजू वर येते. उजवी वर फक्त मेलेल्याची. पोरींनाही हे ठाऊक असतं.

माझी उजवी वर आली.

कोणी हसलं नाही. एक मुलगी उठून बाहेर गेली. शिकवणाऱ्या कुरामोचीबाईंनी विचारलं, हा पेशंट आहे की प्रेत? मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, वयाला इथे सूट नाही, जिवंत माणसाला एकदा जरी असं नेसवलंत तर सामान बांधायचं.

खरं सांगायचं तर मी जन्मात एकाच मोठ्या माणसाला कपडे घातले, ह्यांना, त्या दिवशी. सासूबाई उशाशी बसून सांगत होत्या, उजवी वर, पोरी, उजवी वर. हातांनी तेवढंच धरून ठेवलंय. त्यांना जिवंत माणूस शिकवायला हवा. आता रोज शंभर वेळा सराव.

१३ जून
वॉर्डातला पहिला दिवस. बाहुल्याची गोष्ट माझ्याआधी तिथे पोचली होती. कोणी माझ्या हातून पाणीही घेईना. हात्सुनोआजी, वय अठ्ठ्याऐंशी, मोठ्याने म्हणाली, काय गं, नवरा गेला म्हणून शिकायला आलीस, की त्याच्यावर हात बसवून आलीस? सगळा वॉर्ड हसला.

तिचा युकाता मीच बदलला. डावी वर. जोडीला नागिसा होती, तिने दोनदा पाहिलं, म्हणाली, काकू, एकदम पक्कं!

१४ जून
सकाळी आजीच्या अंगावर उजवी बाजू वर होती.

गाठ माझीच, मी ओळखते. आजी आज टोमणा मारेना. माझ्या तोंडाकडे बघेना, नुसती हातांकडे बघत होती. मी सोडून नीट बांधलं. जेवणाचं ताट आलं तेव्हा ती गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. बाईंनी चौकशी केली. नागिसा शपथेवर म्हणाली, डावी वर होती, मी पाहिलं. ती पोरगी माझ्यासाठी उभी राहिली.

२१ जून
आज मी स्वतः पाहिलं.

इशिमोरी म्हणून म्हातारे कोळी. माझं लक्ष डावीवर, मनात डावी. हातांनी उजवी घेतली. सोडलं. पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा नागिसाला हाक मारली, तिने नीट केलं. म्हातारबा म्हणाले, अहो बाई, तुमचे हात केवढे गार.

दुपारी त्यांची गादी उन्हात टाकलेली दिसली.

बाईंना म्हटलं, मला घरी पाठवा. म्हणाल्या, रडकी माणसं मला आवडत नाहीत, पळपुटी त्याहून नाहीत. दोन म्हातारे गेले, त्यात तुमचं काय मोठेपण? उद्या वेळेवर या.

२२ जून
कोणाला शिवले नाही. नुसत्या बेडपॅन धुतल्या. हात मोरीतही काहीतरी बांधत होते —

२७ जून
सामान बांधलं. सकाळची गाडी.
नागिसाच्या पोटात दुखतंय. वॉर्डात नेलं. आंत्रपुच्छ सुजलंय, औषधाने उतरेल, म्हणाले.

२८ जून
गाडी सोडली. तिला बघून जावं म्हणून. तापाने, घामाने भिजलेली. दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देईना. काकू, तुम्हीच बदला ना, माझा विश्वास आहे. नाही म्हटलं. रडायला लागली. मी —

उजवी.

तिने खाली पाहिलं. म्हणाली, काकू? एवढंच.

सोडून नीट बांधलं. त्याने काय होतं, आजीचंही सोडलं होतं.

सासूबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाल्या, ती गाठ रिकामी जात नाही, पोरी. दुसरं कोणी आपणहून पुढे झालं तरच पहिलं सुटतं. तू घरी ये. तू नको —

फोन ठेवला.

२९ जून
नागिसाचा श्वास तुटतोय. बाई डॉक्टरांना आणायला धावल्या.

मी कपाटातून धुतलेला युकाता काढला. तिच्या शेजारच्या पलंगावर बसले. घातला. डावी आत. उजवी वर. हात कसे शहाण्यासारखे चालले, पहिल्यांदाच.

तिने डोळे उघडले. गालावर रंग. म्हणतेय, काकू, काय करताय, थांबा —

अजून बांधायचं आहे. एका हाताने गाठ पडत नाही, म्हणून पेन खाली ठे