पाळण्याची फळी

प्रिय रुमती,

मी खुशाल आहे. देवळाचं छप्पर अर्धं झालं. देवदाराचा वास अंगात इतका मुरलाय की डासही जवळ फिरकत नाहीत.

काल देवळाच्या भगताच्या, गूरच्या अंगात देव आला. म्हणाला, "माझ्या वनातली फळी घरी कुणी नेली?" आम्ही सुतार हसलो, "देवा, इथं कोण चोर?" मीही हसलो.

रुमती, आपल्या बाळाच्या, टेकूच्या पाळण्याला तीच फळी आहे. तुकडा उरला होता, कीड लागणार नाही म्हणून आणला. देवाचं लाकूड घरात वापरू नये, हे ठाऊक असूनही.

आईला सांगू नकोस. पत्र मिळताच टेकूला पाळण्यातून उचल. मी येऊन फळी परत नेईन.

त्याला ताप आहे, असं तू लिहिलं होतंस. त्यानंतर तुझं पत्रच नाही.

तुझा,
झाबेराम