गल्लीतील शेवटच्या घराच्या उलट जोडलेल्या दोन वाहिन्या

दिनांक : १८ जुलै

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
मलनिस्सारण विभाग, नगरपालिका

विषय : शेवटच्या घराच्या मैल्याची व पावसाच्या पाण्याची जोडणी आपसात बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज व त्यांवरील ‘आपले घर जोडलेले आहे’ हे उत्तर.

महोदय,

१. पूर्वी आमच्या गल्लीतील सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच गटारातून जाई व जोराचा पाऊस आला की सगळे ओढ्यात उतरे. आपण दोन वेगळ्या वाहिन्या टाकल्या. मी नगरपालिकेच्याच पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते. ओढा खरोखर सुधारला, हे मी स्वतः तपासून पाहिले आहे.

२. तरीही कोरड्या दिवसांत पावसाच्या वाहिनीच्या तोंडाशी मैल्यातील जिवाणू सापडत राहिले. म्हणून मी घरोघरच्या शौचालयांत रंग ओतून पाहिला. ओढ्यात उतरला तो आमच्या घराचा रंग. तसा अहवाल मी दिला आणि आपल्या विभागाने तत्परतेने आमच्या मैल्याच्या जोडणीला बूच मारले.

३. चूक अशी झाली. उताराकडे तोंड करून उभे राहायचे, उजव्या हाताची वाहिनी पावसाची, ही जोडणी करणाऱ्या मुकादमांची रीत. सगळी गल्ली त्यांनी तशीच बिनचूक जोडली. आमच्या घरापाशी रस्त्याचा उतार उलट फिरतो, जमिनीखालच्या वाहिन्यांचा फिरत नाही. मुकादम मात्र फिरले. त्यामुळे आमचा मैला पावसाच्या वाहिनीत गेला आणि गच्चीचे पाणी मैल्याच्या. मुकादमांनी ते मान्यही केले : “ताई, हात तोच होता, तोंड चुकलं.”

४. आपल्या कार्यालयाचे म्हणणे, “मैल्याच्या वाहिनीला तुमची जोडणी आहे. एका घराला दुसरी देता येत नाही.” हे खरे आहे, आमची गच्ची जोडलेली आहे. दोन्ही जोड रस्त्याखाली आहेत आणि रस्ता नवा असल्याने खोदण्यास मनाई आहे.

५. कनिष्ठ अभियंत्यांनी तोंडी मार्ग सुचवला. “मॅडम, नमुन्याच्या बाटल्या बदलल्या असं लिहून द्या. अहवाल रद्द, बूच रद्द, सगळेच सुटलो!” बाटल्या बदललेल्या नाहीत, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला मुले पोहतात. सासूबाई म्हणतात, “एखादी वैरीण असती तरी गप्प बसली असती. ही शहाणी आपल्याच घराचा गळा आवळून आली.”

६. सध्या आम्ही घरातील सर्व घाण पाणी बादल्यांनी गच्चीवर नेऊन पन्हाळीत ओततो. आपणांस हे विचित्र वाटेल. परंतु ते थेट शुद्धीकरण केंद्रात पोहोचते, याची मी रंग टाकून खात्री केली आहे. आता गच्चीवर मैला नेल्याबद्दल आपल्या आरोग्य निरीक्षकांची नोटीस आली आहे. म्हणजे खाली बूच आणि वर बंदी.

७. माझे सासरे अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचे भांडे मीच वर नेते. मूत्रपिंडासाठी त्यांनी भरपूर पाणी प्यावे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. जिना उतरताना मी गुडघा धरते, हे त्यांच्या खाटेवरून दिसते. काल मी पेला पुढे केला तर म्हणाले, “तहान नाही गं, सूनबाई.” ओठांना भेगा पडल्या होत्या. त्या आधीच्या दिवशीही त्यांना तहान नव्हती.

८. अहवाल मी मागे घेणार नाही. आमच्या उंबऱ्यालगतचा रस्ता हातभर खोदून दोन जोड आपसात बदलावेत, एवढीच विनंती आहे. त्यास मंजुरी लागेल, हे मी समजते. तोवर निदान गच्चीची नोटीस तरी स्थगित करावी. घरी गेल्यावर सासऱ्यांना सांगता आले पाहिजे की साहेबांनी परवानगी दिली आहे, आता पाणी प्या.

उत्तर आजच मिळाल्यास बरे, म्हणून खाली बाकावर थांबले आहे.

आपली नम्र,
(सही)
शेवटच्या घरातील सून

सोबत : रंगचाचणीचा अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी, आरोग्य निरीक्षकांची नोटीस.